समुद्र किती लांब

अल नहदा, शारजा
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,
सा. न.

काल फोनवर तुम्ही पुन्हा पुन्हा "कोण?" विचारत राहिलात आणि शेवटी अनुराधावहिनींनी फोन घेतला. त्या म्हणाल्या, कानाचं मशीन ते लावत नाहीत, त्यांना लिहूनच पाठव, मी प्रिंट काढून देते. म्हणून हे पत्र.

विष्णूने ट्रेडिंग कंपनीतली नोकरी सोडून शेत घेतलं, हे तुमच्या कानावर आलं असेल. शेत भाड्याचं आहे. मालक अरब, तो शारजा शहरात राहतो. शेत खोर फक्कानच्या अलीकडे, आमच्या घरापासून गाडीने तास-सव्वा तास. आम्ही मेथी, अंबाडी, अळू, चवळई आणि कढीपत्ता लावतो. इथे विमानाने आलेली मेथी मिळते, पण ती मलूल असते. आमची सकाळी काढलेली जुडी दुपारी आमच्याच टॉवरच्या लिफ्टमध्ये हातोहात जाते. आता दुबईतली दोन दुकानं रोजचा माल मागताहेत. त्यासाठी अजून चार वाफे घ्यायचे आहेत आणि पाणी पुरत नाही. दुपारी पंप हवा ओढायला लागतो.

विहीर खोल करावी का, हे विचारायचं होतं. मालकाने त्याच्या नावावर परवानगी काढून दिली आहे. तुम्ही उभं आयुष्य भूजल खात्यात काढलंत. दुसऱ्या कुणाला विचारू?

शेजारी याकूब म्हणून आहेत, सत्तरीच्या पुढचे. त्यांची लिंबाची बाग आहे आणि वडिलांच्या वेळची दगडी विहीर. इथल्या जुन्या लोकांसारखी छान हिंदी बोलतात. पहिल्या वर्षी आमचा पंप जळाला तेव्हा त्यांनी न विचारता स्वतःचा पाइप भिंतीवरून आमच्या बाजूला टाकला आणि नवा पंप येईपर्यंत आमचा भाजीपाला जगवला. त्यांच्या विहिरीला मात्र पाणी कधी कमी पडलेलं दिसत नाही.

तुमची,
स्मिता

---

संगमनेर
१५ ऑक्टोबर २०२४

चि. स्मितास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि माझा दिवस बदलला. निवृत्त झाल्यापासून मला पाण्याबद्दल कुणी काही विचारलेलं नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला बोअर घ्यायचं होतं, तर सुयश नारळ हातावर धरून पाणी सांगणाऱ्याला घेऊन आला. स्वतःचा मुलगा. मी गॅलरीत बसून ते बघितलं.

आता तुझं काम. लोकांना वाटतं जमिनीखाली नद्या वाहतात. तसं नसतं. वाळू-गोट्यांनी भरलेल्या पातेल्यात पाणी ओतलं तर ते मधल्या फटींत जाऊन बसतं, तसं ते बसलेलं असतं. बसलेलं म्हणजे अगदी स्थिर नव्हे. डोंगरावर पाऊस पडतो, ओढ्यांतून खाली येतो, गोट्यांत मुरतो आणि मग उताराकडे सरकत राहतो. इतका हळू, की आज तू उपसलेलं पाणी तुझ्या जन्माच्या आधी पडलेलं असू शकतं. पडतं वर्षाकाठी थोडं. साठतं पिढ्यानपिढ्या. उपसायला मात्र एक बटण पुरतं.

मला एवढं कळव. विहिरीत पाणी किती खाली लागतं, खोदताना काय लागलं, मुरूम, गोटे की कातळ, पाण्याची चव कशी आहे, डोंगर किती जवळ आहे आणि समुद्र किती लांब आहे. घाई करू नकोस, नीट बघून लिही.

विष्णुरावांना आशीर्वाद.

जगन्नाथकाका

---

अल नहदा, शारजा
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय काका,

काय छान लिहिता तुम्ही. विष्णूला वाचून दाखवलं, तो म्हणाला काकांना इथेच आणू या.

आता तुमची उत्तरं. पाणी घराच्या दोन मजल्यांइतकं खाली आहे. खोदताना सगळे गोटे आणि जाड वाळू, कातळ लागलाच नाही. चव गोड, आम्ही तेच पितो. डोंगर तर अगदी पाठीशी आहेत, काका. संध्याकाळी चारलाच त्यांची सावली वाफ्यांवर येते. पाऊस झाला की डोंगरातला ओढा, इथे वादी म्हणतात, आमच्या कुंपणाला लागून वाहतो. सगळं पाणी डोंगराचंच.

बोअरवाला पुढच्या आठवड्यात मोकळा आहे, नंतर सीझन संपेपर्यंत मिळणार नाही. तेव्हा तुमचं उत्तर लवकर आलं तर बरं. तुम्ही हो म्हणालात की यल्ला, सुरू.

स्मिता

---

संगमनेर
२४ ऑक्टोबर २०२४

चि. स्मितास आशीर्वाद.

लगेच लिहितो आहे, अनुराधा फोटो काढून पाठवेल.

गोटे, जाड वाळू, गोड पाणी, पाठीशी डोंगर, शेजारून ओढा. याहून चांगली जागा मी तुला नकाशावर बोट ठेवून सांगू शकलो नसतो. खुशाल खोल जा. आहे त्याच्या दुप्पट गेलीस तरी चालेल. पंप मोठा बसव, लहान पंप दिवसभर कण्हत चालवण्यात अर्थ नाही.

समुद्राचं तू लिहिलं नाहीस. डोंगर इतके जवळ आहेत म्हटल्यावर तो लांबच असणार असं धरून चालतो.

पाणी लागलं की कळव. सुयशलाही दाखवीन.

जगन्नाथकाका

---

अल नहदा, शारजा
१९ जानेवारी २०२५

प्रिय काका,

इतके दिवस पत्र नाही, रागावू नका. हाताला उसंत नव्हती. पाणी लागलं, आणि असं लागलं की बोअरवाल्याने स्वतःचा फोटो काढून घेतला. पंप पहाटे सुरू होतो तो सूर्य डोंगरामागे गेल्यावरच बंद होतो, आणि तरी धार तशीच. चारऐवजी सहा वाफे घेतले. संक्रांतीला गाजर-पावट्याबरोबर आमचीच मेथी अर्ध्या शारजातल्या मराठी घरांत गेली असेल. तिळगूळ घेऊन आलेल्या बायका तुमचं नाव विचारत होत्या, मी सांगितलं, माझे काका पाण्याचे डॉक्टर आहेत.

याकूबना तिळगूळ दिला. त्यांची तब्येत जरा नरम आहे. लिंबाच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी झाल्या आहेत, फळ बारीक आहे. ते म्हणतात कीड असेल, इन्शाल्ला जाईल. त्यांची मुलगी सफा खोर फक्कानच्या शाळेत शिकवते, तिने औषध आणून फवारलं.

सुयशला आमची मेथी दाखवा. फोटो जोडला आहे.

स्मिता

---

संगमनेर
२२ जानेवारी २०२५

स्मिता,

फोटो पाहिला. मेथी सुरेख आहे. पण तिच्या मागे, भिंतीपलीकडे जी झाडं दिसतात ती मी भिंग घेऊन पाहिली.

पानांच्या कडा अशा किडीने जळत नाहीत. एकच प्रश्न पुन्हा विचारतो. समुद्र किती लांब आहे? आणि याकूबसाहेबांचं शेत तुमच्या कुठल्या बाजूला आहे, डोंगराच्या की समुद्राच्या? त्यांच्या विहिरीचं पाणी जिभेवर ठेवून बघ आणि त्याच दिवशी मला लिही.

जगन्नाथकाका

---

संगमनेर
२ मार्च २०२५

स्मिता,

उत्तर नाही. अनुराधा म्हणते, तू फोनवर तिच्याशी बोललीस आणि सगळं ठीक आहे म्हणालीस. माझ्यासाठी काही निरोप दिला नाहीस. बरी आहेस ना?

काका

---

अल नहदा, शारजा
१२ एप्रिल २०२५

काका,

तुम्ही ऑक्टोबरात विचारलं होतं त्याचं उत्तर आता लिहिते. शेतावरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं की समुद्र दिसतो. बंदरातल्या क्रेन दिसतात, जहाजांवरचे कंटेनर रंगांसकट दिसतात. याकूबचं शेत आमच्या आणि समुद्राच्या मध्ये आहे.

मी विसरले नव्हते. तुमच्या पत्रातला तो प्रश्न वाचला तेव्हाच कळलं की तो काही उगाच विचारलेला नाही. समुद्र जवळ आहे असं लिहिलं तर तुम्ही थांब म्हणाल, अशी भीती वाटली. बोअरवाला ठरला होता, दुकानांना शब्द दिला होता. म्हणून डोंगराचंच लिहीत बसले.

तुमचं जानेवारीचं पत्र आलं त्याच आठवड्यात मी याकूबच्या विहिरीचं पाणी चाखलं. खारट होतं. समुद्राइतकं नाही, पण डाळीत मीठ जरा जास्त पडावं तसं. मी ओंजळ झटकली आणि घरी आले. तुम्हाला लिहिलं नाही, त्यांना सांगितलं नाही.

याकूबना वाटतं त्यांची जीभ बिघडली आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. सगळं खारट लागतं, कॉफी खारट, पाणी खारट, असं ते सफाला सांगत राहिले. तिने डॉक्टरकडे नेलं, गोळी बदलून घेतली, तरी तेच. शेवटी तिने घरात प्यायला बाटलीचं पाणी आणायला सुरुवात केली. बागेला आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, मात्र विहिरीचंच. एकदा भिंतीपाशी उभे राहून ते मला म्हणाले, आता म्हातारपण आलं, तोंडाची चव गेली. मी म्हटलं, होतं असं. काका, मी त्यांच्या तोंडावर असं म्हटलं.

मार्चमध्ये त्यांनी विचारलं, झाडं वाचवायला थोडं पाणी देशील का. विष्णूने लगेच आमचा पाइप भिंतीवरून त्यांच्याकडे टाकला. आमच्या विहिरीचं पाणी अजून गोड आहे. आता रोज दुपारी त्यांच्या बागेसाठी आमचा पंप जास्तीचा चालतो. ते हात वर करून दुवा देतात. आमच्या दारात लिंबं ठेवून जातात, जी काही आली असतील ती. मला ती सरबताला पिळवत नाहीत.

काय करू?

स्मिता

---

संगमनेर
१७ एप्रिल २०२५

चि. स्मितास,

पत्र अनुराधाने वाचायच्या आधी मी मागून घेतलं.

आधी माझं सांगतो. तुझ्या त्या पत्रात डोंगर सारखे येत होते आणि समुद्र एकदाही नव्हता. ते मला तेव्हाच दिसलं होतं. नोकरीची दोन वर्षं मी कोकणात खाडीकाठच्या विहिरी मोजत होतो, म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी माझा सल्ला मागत होतं आणि मला "हो" म्हणायचं होतं. मी "लांबच असणार" असं लिहिलं आणि तुझ्या खोटेपणाला सही करून दिली. तू पंप बसवलास. किती मोठा, ते मी सांगितलं. तेव्हा हे एकटीचं समजू नकोस.

आता काय झालं ते नीट समजून घे, कारण तुला ते दुसऱ्याला सांगायचं आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी आणि समुद्राचं पाणी एकमेकांना टेकून उभी असतात. गोडं हलकं म्हणून वर, खारं जड म्हणून खाली आणि समुद्राच्या बाजूने. डोंगराकडून येणारं गोडं पाणी समुद्राला मागे रेटून धरतं. तो रेटा आहे तोवर सीमा जागच्या जागी राहते. तुम्ही वरच्या बाजूला ते पाणी उपसलंत, रेटा कमी झाला आणि समुद्र जमिनीखालून आत सरकला. वाटेत पहिली विहीर याकूबसाहेबांची आहे. तुमची त्यांच्यानंतर. विष्णुराव म्हणतील, त्या पट्टीत बाकीचेही पंप आहेत. आहेतच, त्यांचाही वाटा आहे. पण सर्वांत जवळचा आणि नवा तुमचा आहे.

यापुढचं वाच आणि मग थोडा वेळ बसून राहा. तुम्ही त्यांना पाइपने जे पाणी देता, तेही त्याच साठ्यातलं आहे. त्यांच्या झाडांना तुम्ही जितकं द्याल तितका त्यांच्याच विहिरीत समुद्र येईल. तो पाइप बंद करावा लागेल आणि तुमचा मोठा पंपही.

मात्र आधी त्यांना सांग. न सांगता बंद केलंस तर ते समजतील की शेजारीण बदलली, आणि हे खोटं आधीच्यापेक्षा वाईट असेल.

काका

---

अल नहदा, शारजा
२५ मे २०२५

प्रिय काका,

सांगितलं.

आधी घरात वाद झाला. विष्णू म्हणाला, एका पंपाने समुद्र येतो होय, आणि आलाच असेल तर आता बंद करून लिंबं परत हिरवी होणार आहेत का. दुकानांची ऑर्डर, पुढच्या सीझनचं बियाणं, सगळं तो बोलला, आणि त्यातलं खोटं काहीच नव्हतं. मी तुमचं पत्र त्याच्यापुढे ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने तो आत आला. म्हणाला, पाइप मी टाकला होता, काढायलाही मीच येतो.

आम्ही दोघं गेलो. सफा शाळेतून आली होती. याकूबनी आम्हाला खजूर दिले आणि कॉफी ओतली. मी बोलायला लागले. हिंदीत जमेल तसं सांगितलं, जमिनीखाली दोन पाणी कशी टेकून असतात ते, आमची विहीर, मोठा पंप. तुम्ही मला समुद्राचं आधीच विचारलं होतं आणि मी ते लपवलं, हेही सांगितलं. जानेवारीत त्यांच्या विहिरीचं पाणी चाखून गप्प बसले, तेही. विष्णू मध्ये एकदाच बोलला, की ग़लती हम दोनों की है.

याकूब ऐकत होते. माझं बोलणं संपलं तरी हातातला छोटा कप त्यांनी खाली ठेवला नव्हता. मला वाटलं झाडांबद्दल विचारतील, किंवा उठून जायला सांगतील. त्यांनी विचारलं,

"तो मेरी ज़बान ठीक है?"

मी हो म्हटलं. ते सफाकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाले. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. मग ती माझ्याशी बोलली, हळू आवाजात, इंग्लिशमध्ये. ते घरात सगळ्यांना सांगत होते आणि आम्ही त्यांना म्हातारे समजत होतो, असं म्हणाली. "आय चेंज्ड हिज मेडिसिन. ही वॉज टेलिंग द ट्रुथ अँड आय चेंज्ड हिज मेडिसिन." तेवढं बोलून आत गेली ती बाहेर आली नाही.

याकूबनी आम्हाला फाटकापर्यंत सोडलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत, नाही असंही नाही. विष्णूने भिंतीवरून पाइप ओढून घेतला तेव्हा ते उभे राहून बघत होते.

मोठा पंप काढला. जुना लहान पंप लावून फक्त कढीपत्ता ठेवला आहे, बाकी वाफे मालकाला परत दिले. विष्णू एका भाजी सप्लायरकडे नोकरीला लागला. आमच्या दारात आता लिंबं नसतात, आणि ते बरोबरच आहे. शेतावर गेले की भिंतीकडे पाठ करून काम करते.

पंप बंद केल्यावर समुद्र मागे जायला किती दिवस लागतील?

स्मिता

---

संगमनेर
३ जून २०२५

चि. स्मितास आशीर्वाद.

दिवस नव्हेत. समुद्र काही महिन्यांत आत येतो, कारण त्याला तुमचा पंप ओढत होता. मागे जाताना त्याला कुणी ओढत नाही. डोंगरावर पाऊस पडावा, तो मुरावा, सावकाश खाली यावा आणि पुन्हा रेटा तयार व्हावा. तुमच्याकडे पाऊस किती पडतो ते तू जाणतेस. आजूबाजूच्यांनीही उपसा आवरला तर पंधरा वर्षं. नाही आवरला तर मी आकडा सांगणार नाही.

याकूबसाहेबांनी कधी विचारलं तर हे असंच सांग. गोड करून सांगू नकोस. मी एकदा गोड करून सांगितलं, त्याचं काय झालं ते आपण दोघं बघतो आहोत.

सुयशला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. संध्याकाळी येऊन बसला आणि म्हणाला, आपल्या सोसायटीच्या बोअरकडे तुम्ही एकदा बघाल का. मी म्हटलं, बघतो, पण आधी आजूबाजूच्या सगळ्या विहिरी दाखव.

काका

---

अल नहदा, शारजा
११ जानेवारी २०२६

प्रिय काका,

काल रात्री डोंगरात पाऊस झाला. शारजात नुसते ढग होते, पण आज सकाळी शेतावर पोचले तर वादी वाहत होती. गढूळ पाणी, वर काटक्या आणि फेस. गाड्या घेऊन माणसं बघायला आली होती, पोरं काठावर उभी राहून व्हिडिओ काढत होती. इथे वाहतं पाणी हा सोहळाच असतो.

याकूब काठावरच्या एका मोठ्या दगडापाशी उभे होते. गेले सात-आठ महिने आमचं सलामापलीकडे बोलणं नव्हतं. मी थोडं अंतर ठेवून थांबले. मग त्यांनी मान न वळवता विचारलं,

"ये पानी मेरे कुएँ में कब आएगा?"

काका, माझ्या तोंडात जल्दी हा शब्द तयार होता. तो मी गिळला. म्हटलं, यातलं बरंचसं आजच समुद्रात जाईल. थोडं मुरेल, तेही फार सावकाश येईल. तुमची विहीर गोड व्हायला पंधरा वर्षं, कदाचित जास्त.

त्यांनी मनात काही हिशेब केला असावा. ते सत्तरीच्या पुढचे आहेत, मला तो हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसला आणि मी खाली बघितलं. माफी पुन्हा मागावीशी वाटली, पण मागितली नाही. त्याने मलाच बरं वाटलं असतं, त्यांना नाही.

पाणी थोडं ओसरलं तसे लोक पांगायला लागले. याकूब दगडाचा आधार घेत वर आले आणि माझ्या शेजारी थांबले. म्हणाले, "कल सुबह विष्णू को लेके आना. सूखे पेड़ निकालने हैं. मेरे से अकेले नहीं होता."

एवढंच म्हणाले आणि घराकडे गेले. बागेत अर्ध्याहून जास्त झाडं वाळलेली आहेत, मुळांसकट काढायची तर दिवस लागेल, कदाचित दोन. विष्णूने सुट्टी टाकली आहे. गाडीत करवत, दोर आणि कुदळ ठेवली आहे. उजाडताना तिथे पोचायचं आहे, म्हणून पत्र इथेच थांबवते.

तुमची,
स्मिता